थुंकीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे टीबी नाही का?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर डॉक्टर थुंकी तपासायला सांगतात. रिपोर्टवर ‘एएफबी निगेटिव्ह’ दिसले की घरचे निश्चिंत होतात आणि बरेच रुग्ण पुन्हा दवाखान्यात फिरकतच नाहीत. ही तपासणी कशी होते हे समजून घेतले, तर तुम्ही अशी घाई करणार नाही.

टीबीचा जंतू रंगवल्याशिवाय साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. आणि त्याला रंगवणेही सोपे नाही, कारण त्याच्या आवरणात मेणासारखा पदार्थ असतो. म्हणून थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर वाळवून त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओततात आणि वाफ येईपर्यंत पट्टी खालून तापवतात. उष्णतेमुळे रंग आत शिरतो. मग ॲसिडने पट्टी धुतात. बाकी पेशींचा आणि बहुतेक जंतूंचा लाल रंग निघून जातो, टीबीचा जंतू मात्र तो सोडत नाही. एएफबी म्हणजे ‘ॲसिड फास्ट बॅसिलाय’, ॲसिडलाही न जुमानणारे जंतू. शेवटी मिथिलीन ब्लू लावला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. झील आणि नील्सन या जर्मन डॉक्टरांची ही पद्धत १८८० च्या दशकातली आहे, आजही चालते.

अडचण अशी की एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तरच ते या तपासणीत सापडतात. लहान मुले, एचआयव्ही असलेले रुग्ण यांच्या थुंकीत जंतू कमी असू शकतात. गाठीचा किंवा मणक्याचा टीबी असेल तर थुंकीत बहुधा काहीच मिळत नाही. त्यामुळे खोकला, ताप, वजन घटणे चालूच असेल तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन परत या. एक्स-रे आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूची जनुके शोधणारी तपासणी करावी लागते. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

रिपोर्ट चुकण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे डबीत नुसती लाळ असणे. (लाजेपोटी बरेच जण तेवढेच देतात.) सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर, माणसांपासून दूर उभे राहा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढा. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा.