किती फूट?

2005 च्या महापुरात सांगलीत जो तो एकच विचारत होता, ‘आयर्विनला किती फूट?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी मोजतात; 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी पाणी 53 च्या पुढे गेलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवायचो. पूर ओसरून चिखल वाळायला लागला तसा एक विद्यार्थी आला. म्हणाला, ‘‘सर, धरणाची दारं कधी उघडायची हे ठरवतं कोण? आणि हे शिकायचं असलं तर जायचं कुठं?’’ पहिल्याचं उत्तर मला अर्धवट येत होतं, दुसऱ्याचं मुळीच नाही.

मग सगळे सांगत तेच मीही सांगितलं: कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. नाहीतर पुण्याला भारती विद्यापीठाची संस्था, ती 1993 पासून आहे. पुढं साखर कारखान्याची लॅब, नशिबात असलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. तो कोल्हापूरला गेला. नदीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, बीओडी (पाण्याच्या दूषितपणाचं एक माप) काढायचा, हे तो चोख शिकला. दारांचा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

कला शाखेची मुलं तर या वाटेला फिरकतही नसत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीला सगळ्यांनाच सक्तीचा झाला, आणि त्याचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागले! मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, पाणी-धोरण, हवामान बदल असे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांना बी.ए. झालेलाही चालतो, हे आमच्याकडं फार उशिरा कळलं. कळल्यावरही इंग्रजीतल्या मुलाखतीची धास्ती होतीच.

मौज म्हणजे धोरण शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेला पैसा आमच्याच भागातून गेला होता. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याच्या संसारात काय फरक पडला, याची त्यांनी पाहणी करवली. आज तिला आपण पर्यावरण-धोरणच म्हटलं असतं. त्यांचे चिरंजीव माधवराव हार्वर्डला शिकून परत आले, आणि 2011 मध्ये त्यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यात महाबळेश्वर आलं, कोयनेचं खोरं आलं. काळ्यांच्या देणगीचं व्याज ऐंशी वर्षांनी साताऱ्याला परत आलं, असं मी वर्गात सांगायचो. साताऱ्याने ते घेतलं का, हा निराळा विषय.

पण मला जास्त ओढ येरळेची. ही नदी साताऱ्याच्या खटावात उगवते आणि सांगलीच्या ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. मधे खानापूर तालुक्यात, तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला. कुठल्या विद्यापीठाने शिकवलं होतं त्यांना? म्हणून विद्यापीठ नको असं नाही. उलट हा प्रयोग ज्याच्या वाचनात आहे असा मार्गदर्शक जिथं असेल, तिथं जावं.

ऑगस्ट 2019 मध्ये धरणाच्या दारांबद्दल विचारणाऱ्या त्याच विद्यार्थ्याचा साखर कारखान्यातून फोन आला. ‘‘सर, 57.’’ एवढंच बोलला. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला, पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली. त्यानंतर पुराची कारणं शोधायला नंदकुमार वडनेरे समिती नेमली गेली, तिचा अहवाल 2020 मध्ये आला. वाचायला बसलो तर जलविज्ञान, नगररचना, कायदा, दोन राज्यांचं भांडण, सगळं एकाच बाडात.

आता मुलं परदेशाच्याही याद्या घेऊन येतात. येलची वनशाळा 1900 ची, 2020 मध्ये तिने नावातलं वन काढून पर्यावरण तेवढं ठेवलं, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं, त्यामुळं यादी क्रमांकावरूनच बनते. पोरांचा यात दोष नाही. घरात तेवढा पैसा नसतो.

परवा एक मुलगी अशीच सात नावं घेऊन आली, ‘टिस’पासून नेदरलँड्सपर्यंत. मी क्रमांकाचा रकाना हाताने झाकला. म्हटलं, तिथल्या कुणी नदीकाठच्या गावात राहून काही लिहिलंय का, तेवढं काढून आण. चार दिवसांनी आली. तीन नावं खोडली होती, आणि चौथ्यापुढं पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं.