लंगोट पुन्हा दोरीवर

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने शहराला एक साधी सवय लावायचा प्रयत्न केला. वापरलेले डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि पुडक्यावर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की कचरा निवडणाऱ्या ताई ते उघडत नाहीत. २०१६च्या घनकचरा नियमांनीही हा कचरा गुंडाळूनच द्यायला सांगितलं. तरी सुक्या कचऱ्यात फुगलेला डायपर तसाच सापडतो आणि कुणाच्या तरी उघड्या हातांना लागतो. कापडी लंगोटांकडे वळायचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण.

डायपरमध्ये लाकडाचा लगदा, प्लास्टिकचे थर आणि ओल लागताच जेलीसारखे फुगणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे असतात. भंगारवाला तो घेत नाही, खतात तो मुरत नाही.

पण कापड घेतलं म्हणजे काम झालं, असं नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली एका बाळाच्या अडीच वर्षांचा सरकारी हिशेब मांडला गेला. डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन, तर कापडामुळे सुमारे ५७०! कापड मागे पडलं ते गरम पाण्यामुळे आणि वाळवणीच्या यंत्रामुळे. मशीन पूर्ण भरून लावली, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट धाकट्या भावंडाला वापरले, की कापडाचा आकडा बराच खाली आला. आपल्याकडे दोरीही आहे आणि ऊनही.

अडचण येते जुलैत. बाजारातल्या टिचबटणांच्या कापडी डायपरला बाहेरून पाणी न झिरपणारं कापड आणि आत जाड पट्ट्या असतात. शिवलेली जाड पट्टी पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहते, वास मारते. जुन्या सुती साडीचा चौकोन मात्र घडी उलगडून पंख्याखाली टाकला की लवकर वाळतो. म्हणून पावसाळ्यात बाहेरचं कव्हर नवं आणि आतली घडी आजीच्या पद्धतीची, ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते.

धुताना शी आधी संडासात टाकायची, शूचे लंगोट साध्या पाण्यातून काढून ठेवायचे आणि दिवसातून एकदा साबण लावायचा. कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर बसला की कापड शोषेनासं होतं. नव्या पट्ट्याही चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषू लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी गळलं म्हणून लगेच नावं ठेवू नका.

आणि हे सगळं धुणार कोण? बाळंतिणीने किंवा सासूबाईंनीच, असं न बोलता ठरणार असेल, तर त्या घरात डायपरच बरा. बाबांनी रोजची बादली अंगावर घ्यावी. सुरुवातीला पाच-सहा नगच आणा, दिवसा घरी वापरा. रात्री आणि प्रवासात डायपर राहू द्या. पाळणाघरात मात्र आधी विचारा, आणि ओले लंगोट परत आणायला घट्ट चेनची पिशवी सोबत द्या.