रोप लावणें आणि झाड राखणें

पावसाळा लागला कीं महाविद्यालयीन तरुण रोपें घेऊन बाहेर पडतात. हा उत्साह स्तुत्यच. परंतु पृथ्वी तापविणारा कर्बवायु रोप लावल्या दिवशीं कमी होत नाहीं. झाड तो शोषून आपल्या काष्ठांत सांठवितें, आणि काष्ठ भरण्यास वर्षांमागून वर्षें लागतात. दादरच्या शिवाजी पार्कभोंवतीं जुने पर्जन्यवृक्ष जी सांवली धरतात, ती हातभर रोप कोठून देणार?

गिरगांव-दादरच्या पोटांतून धांवणाऱ्या मेट्रो-३ च्या कारशेडसाठीं ऑक्टोबर २०१९ मध्यें आरे येथें २,००० हून अधिक झाडें तोडण्यांत आलीं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं सरन्यायाधीशांना पत्र धाडलें. त्यालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयानें ७ ऑक्टोबरला तोड थांबविली. पण तोंवर बहुतेक झाडें पडलीं होतीं.

राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा २०२१ मध्यें सुधारण्यांत आला. ५० वर्षें वा त्याहून जुनें झाड वारसा वृक्ष ठरलें. तोडलेल्या झाडाचें वय जितकें, तितकीं रोपें लावून तीं ७ वर्षें सांभाळण्याचें बंधन आलें. म्हणजे संगोपनाचें महत्त्व कायद्यानेंही मानलें आहे.

म्हणून परळ-लालबागच्या तरुणांनीं आपल्या गल्लींतील झाडें आधीं मोजावींत. बुंध्याला आवळणारें काँक्रीट महापालिकेकडून काढवून घ्यावें. चैत्र-वैशाखांत रोपांना पाणी घालावें. आणि झाडावर तोडीची नोटीस दिसल्यास मुदतींत हरकत नोंदवावी. रोप लावण्यास एक सकाळ पुरते. झाड राखण्यास मात्र सारें तारुण्य द्यावें लागतें.