जुन्या मोटारींची पारख

जुने ते सोने, असे आपण सहज म्हणून जातो. पण सोने म्हटले की सोनार ते आधी कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. जुन्या मोटारींच्या बाबतीतही असे सोनार आहेत. जगात जुन्या मोटारींच्या मोठमोठ्या स्पर्धा भरतात. तेथे जाणकार परीक्षक एकेका मोटारीला कसोटीला लावतात आणि शेवटी एकीच्या गळ्यात माळ पडते. ही पारख ते कशी करतात आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते आज पाहू.

या स्पर्धांत मोठ्या मानाची स्पर्धा अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, पॅसिफिक महासागराच्या काठी पेबल बीच येथे भरते. ती १९५० साली सुरू झाली. ऑगस्टमधल्या एका रविवारी समुद्राला लागून असलेल्या गोल्फच्या हिरवळीवर सुमारे २०० मोटारी मांडल्या जातात. तांबडे फुटायच्या वेळेलाच त्या एकामागून एक मैदानात येऊ लागतात, आणि हौशी लोक त्याहून आधी येऊन वाट पाहत उभे असतात.

खरसुंडीला किंवा पुसेगावला ज्यांनी खिलार जनावरांचे प्रदर्शन पाहिले आहे, त्यांना हा प्रकार समजायला वेळ लागणार नाही. तेथे आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे गट पाडतात. आदत खोंडाला जुळलेल्या बैलाशेजारी उभे करून कोणी नंबर काढीत नाही. मोटारींचेही तसेच आहे. काळ, कारखाना आणि बांधणी पाहून त्यांचे गट पाडतात, आणि पहिली लढत गटातल्या गटात होते.

शंभर गुण आणि बारीक नजर

प्रत्येक मोटार मैदानात येते ती १०० गुण घेऊन. जसजसे दोष सापडतील तसतसे गुण कापले जातात. परीक्षकांत कोणी मोटारींच्या इतिहासाचा अभ्यासक असतो, कोणी कारागीर, कोणी नव्या मोटारींचे नमुने आखणारा. १९६१ साली मोटार शर्यतीत जगज्जेता ठरलेला अमेरिकेचा फिल हिल येथे अनेक वर्षे परीक्षक होता. स्वतः हात काळे करून जुन्या मोटारी दुरुस्त करणारा हा गडी होता. १९५५ साली त्याच्या घरच्या १९३१ सालच्या पिअर्स-ॲरो मोटारीने याच मैदानावर पहिला मान मिळवला होता.

परीक्षक इंजिन चालू करायला सांगतात. दिवे लावून पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. दार उघडते कसे, मिटते कसे, यावर कान ठेवतात. पण खरी परीक्षा त्यापुढे आहे. ही मोटार जशी दिसते तशी ती कारखान्यातून खरोखरच बाहेर पडली होती का?

येथे लहानसहान गोष्टी बोलू लागतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू, ज्याला आपले गॅरेजवाले स्टार स्क्रू म्हणतात, तो मोटारींच्या कारखान्यांत आला १९३६ च्या सुमारास. मग १९२५ च्या मोटारीत तो दिसला, तर नंतर कोणाचा तरी हात लागला आहे हे उघड झाले. तसेच मुलाम्याचे. १९२० च्या सुमाराच्या मोटारींना निकलचा मुलामा असे. त्याची झाक थोडी पिवळसर, मऊ. निळसर लखलखणारा क्रोमचा मुलामा पुढच्या काळातला. मालकाने हौसेने क्रोम चढवले असेल तर गाडी झकास दिसेल, पण गुण जातील. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुन्या कागदांशी ताडून पाहतात. बैलाचे वय दलालाच्या तोंडावर नव्हे, बैलाच्या दातांवर ठरते. तसाच हा प्रकार.

उभी नको, चालती हवी

नुसत्या दिखाऊपणाला आळा बसावा म्हणून १९९८ पासून स्पर्धेच्या आधी मोटारींची एक फेरी काढतात. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर मोटार स्वतःच्या बळावर चालवून आणायची. फेरी सक्तीची नाही. पण गटात दोन मोटारींचे गुण सारखे झाले, तर फेरी पुरी करणारीला वरचा नंबर मिळतो. ट्रकवर चढवून आणलेली आणि ट्रकवरच परत जाणारी मोटार कितीही देखणी असली, तरी अशा वेळी मागे पडते.

गटात पहिल्या आलेल्या मोटारी मग शेवटच्या मानासाठी उभ्या राहतात. येथे स्क्रू मोजण्याचे काम संपलेले असते. आता पाहायचा तो घाट, डौल, एकंदर रूप. परीक्षक आपापले मत देतात आणि सर्वश्रेष्ठ मोटार ठरते.

रंग उडालेली विजेती

सुरुवातीच्या काही वर्षांत हा मान बहुधा नव्या कोऱ्या मोटारींना मिळे. पुढे जुन्या मोटारींचा काळ आला. पण त्या कशा? सुटा सुटा भाग करून, घासून, रंगवून, नव्याहून नव्या केलेल्या. कित्येक मोटारी कारखान्यातून निघाल्या त्या दिवशीही एवढ्या चकाकत नसतील. मान मिळवायचा तर जीर्णोद्धार करायचा, अशी रीतच पडली.

२०२४ साली मात्र वेगळे घडले. विजेती ठरली फ्रान्समधील बुगाटी कारखान्याची १९३४ सालची शर्यतीची मोटार. एके काळी ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. तिचा काळा रंग ठिकठिकाणी उडालेला, विटलेला. मालकांनी तिला नवा रंग दिला नव्हता. स्पर्धा सुरू झाल्यापासून अशी मूळ स्थितीत राखलेली मोटार सर्वश्रेष्ठ ठरण्याची ही पहिलीच वेळ होती.

जाणकारांत यावर दोन मते आहेत. एक बाजू म्हणते, गंजून चाललेल्या मोटारीचा जीर्णोद्धार केला नाही तर ती मातीलाच मिळेल. हे खरेच आहे. दुसरी बाजू म्हणते, नवी मोटार केव्हाही करता येईल. पण पहिल्या कारागिराच्या हातचा रंग, त्याने शिवलेली गादी, त्याच्या हातोडीच्या खुणा एकदा पुसल्या की गेल्या. म्हणून जे टिकून आहे ते राखावे, आणि जे नासले आहे तेवढेच दुरुस्त करावे. २०२४ च्या निकालाने या दुसऱ्या बाजूचे वजन वाढले. आपल्या गावच्या हेमाडपंती देवळाच्या दगडावर कोणी भक्तिभावाने ऑइलपेंट फासला की जे होते, ते आठवले म्हणजे हा वाद पटकन कळेल.

आपल्या परसातली जुनी गाडी

आपल्याकडेही ही हौस जुनी आहे. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या मोटारींची स्पर्धा १९६४ पासूनची. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दिमाखाने निघते, ती पाहायला खेड्यापाड्यांतून माणसे येतात. पेबल बीचच्या मैदानावर २०१८ साली भारतातल्या संस्थानिकांच्या मोटारींसाठी खास मांडणी केली होती.

पण जुनी गाडी राजवाड्यातच असते असे नाही. कोणाच्या गोठ्याशेजारी आजोबांची जीप उभी असते, कोणाच्या पडवीत बुलेट किंवा लॅम्ब्रेटा. बहुतेकांचा शेवट भंगारवाल्याच्या काट्यावर होतो. २०२१ साली केंद्र सरकारने अशा वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होऊ शकते. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट अशी की सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेल्या जीपची अडचण होणार.

तेव्हा जुनी गाडी घरात असेल तर काही गोष्टी आजच करून ठेवाव्यात. नोंदणीचे पुस्तक, खरेदीची पावती, लग्नात गाडीपुढे काढलेला फोटो, असे सगळे एका पिशवीत जपावे. बदललेला जुना भाग फेकू नये. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. गाडी पावसाबाहेर घ्यावी आणि गंज वाढू देऊ नये. आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की हा रंग पहिलाच आहे का? तसा असेल तर पुसून, तेलपाणी करून ठेवावा. नवा रंग चार दिवसांत मिळतो. आजोबांच्या हाताने झिजलेले सुकाणू कोणत्याही दुकानात मिळत नाही.