भंगाराच्या दारातून परतलेली पद्मिनी

गुरुवारी अक्कलकोटात वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. वीस-वीस लाखांच्या गाड्या, पण ढुंकून कोण बघतो? तेवढ्यात एखादी प्रीमियर पद्मिनी येऊ द्या! प्रसादाचा पुडा हातात धरून माणसं थबकतात. "आमच्या मामांकडे होती हो ही!"

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. मग हे कौतुक कशाचं?

गाडीच्या आयुष्यात एक वाईट काळ येतो. नवेपणाचा रुबाब सरलेला असतो आणि जुनेपणाचा मान अजून मिळालेला नसतो. तेव्हा तिला खटारा म्हणतात. बहुतेक गाड्या इथंच भंगारात जातात. त्यातही घरोघरच्या गाड्या आधी, कारण सगळ्यांकडे असलेली वस्तू जपून कोण ठेवतं? पुढं भांडून खिडकीशी बसलेली पोरं मिळवती होतात, आणि त्यांना ती गाडी हवीशी वाटते तेव्हा ती सापडतच नाही!

पण नुसती हौस पुरत नाही. गाडी पुन्हा उठून चालायलाही हवी. इथं कार्बुरेटरची गंमत बघा. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. अत्तराचा फवाराच जणू! ना संगणक, ना चिप. कचरा अडकला, तर मिस्त्री खोलतो, फुंकर मारतो, बसवतो. आजच्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड पन्नास वर्षांनी कोण फुंकणार?

पद्मिनीची कुळकथा तर आपल्या जिल्ह्यापर्यंत येते. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. त्यांच्या पश्चात, १९६४ला, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० डीचा साचा आला. इटलीनं तो १९६६ साली मोडीत काढला. आपण? परवाना राजात नवं मॉडेल आणणं सोपं नव्हतं, म्हणून मधे 'पद्मिनी' हे नाव देऊन तोच साचा जवळजवळ शतक संपेपर्यंत चालवला! सक्तीनं थांबलेला काळच आज तिची शोभा झालाय.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून उतरली. घरगुती गाडीचं नशीब मात्र वेगळं. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच राहिलं, तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. हौसेनं नवं दमदार इंजिन बसवलं, की मान गेलाच!

१९७४ची पद्मिनी ही रेघ ओलांडून गेलीय. २००० साली घेतलेलीला मात्र २०५०पर्यंत कळ काढायची आहे. तोवर गोठ्यामागं तिच्या टपावर कोंबड्या बसल्या नाहीत म्हणजे मिळवली.