कारवान म्हणजे कुठला?

राजगडाच्या पायथ्याला पाली नावाचं गाव आहे. गडाच्या पाली दरवाजाकडे जाणारी वाट इथूनच वर चढते. एकदा त्या वाटेला लागण्याआधी चहाला थांबलो होतो. समोर ओसरीवर एक कुत्रा बसला होता. लांबट तोंड, उंच पाय, खोल छाती आणि पोट अगदी खपाटीला गेलेलं. माझ्याबरोबरचा तरुण म्हणाला, "काका, हा फॉरेनचा दिसतोय. पण याला खायला घालत नाहीत का?" घरातले आजोबा हसले. म्हणाले, "रोज भाकरी खातो. अंगकाठीच तशी. कारवान आहे तो."

मंडळी, 'कारवान' हा मूळ फारसी शब्द. एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, असा त्याचा अर्थ. अशा तांड्यांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले, म्हणून ते कारवान किंवा कारवानी, असं मानलं जातं. इंग्रजांनी हाच फारसी शब्द 'कॅरावॅन' असा उचलला आणि पुढे 'हाउंड', म्हणजे शिकारी कुत्रा, हा शब्द जोडला. त्या इंग्रजी जोडनावामुळे आपलाच कुत्रा आपल्याला परदेशी वाटू लागला! याच्याच लांब केसांच्या भावंडाला 'पश्मी' म्हणतात. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर. आपल्या ओळखीची पश्मीना शालही त्याच शब्दातली.

मग 'मुधोळ हाउंड' कोणता? तोही हाच. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निगुतीनं जोपासली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून गावाचं नाव कुत्र्याला चिकटलं, असं सांगतात. २००५ साली निघालेल्या टपाल तिकिटावर 'मुधोळ हाउंड' हेच नाव आहे; केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत मात्र 'कॅरावॅन हाउंड'.

नावं दोन असल्यानं घोटाळा होतो. पिल्लू घेणाऱ्याला वाटतं, जाती दोन आहेत. एक अस्सल, दुसरी गावठी. मग शेतकऱ्याच्या अंगणातलं पिल्लू स्वस्तात मागितलं जातं. खरं तर एक नाव वाट सांगतं, दुसरं गाव.

निघताना त्या तरुणानं कुत्र्याला हाक मारली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आजोबा म्हणाले, "त्याचं नाव मोत्या आहे." मोत्या म्हणताच शेपूट हलली.