झाडीपट्टीच्या गप्पा, घरातल्या माइकवर

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा गजबजतं. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांचं हे माहेरघर; होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग रंगतात. 2023 मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण पेटीवाले, तबलजी, पडदे रंगवणारे यांनाही बोलतं करायला हवं, आणि त्यासाठी घरगुती पॉडकास्टइतकं सोपं साधन नाही.

खर्च बेताचाच. हातातला स्मार्टफोन, काही शे रुपयांचा कॉलर माइक, संपादनासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. खरी मेहनत खोलीवर: कूलर-पंखा बंद, खिडकीला जाड गोधडी, पावसात टिनाच्या छपराखाली मुलाखत नकोच. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदराला घासणार नाही असा.

जिल्ह्यातल्याच भामरागड, एटापल्लीकडे नेटवर्क रडवतं, म्हणून फाइल हलकी ठेवावी. अर्ध्या तासाची मुलाखत 64 केबीपीएस मोनोमध्ये साठवली तर फाइल जेमतेम 14 एमबीची होते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वरा या ध्वनी-व्यासपीठानं तर साध्या फोनवरून गोंडी बोलणाऱ्या माणसांचं म्हणणं लोकांपर्यंत नेलं.

पाहुण्याची परवानगी आधी घ्यावी, ती ध्वनिमुद्रितही करावी. त्यांची झाडीबोली मात्र कुणी ‘शुद्ध’ करू नये. आणि ‘तुमचं योगदान सांगा’ असं विचारण्यापेक्षा ‘पहिल्या प्रयोगाच्या गावी कसे पोहोचलात?’ हे विचारावं.